सहा मिलिमीटर

गाडीला बॅज लावायला काय अक्कल लागते? दोन भोकं पाडायची, पिना घालायच्या, आतून क्लिपा दाबायच्या, झालं! मागच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं हेच मत होतं. (मी कॉन्व्हेंटचा माल असल्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात.)

आमच्याकडे आजोबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची फियाट ११००; कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९७४ पासून तिला हे नाव दिलं. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांच्या ओळखीची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आमची तर आठ वर्षं ताडपत्रीखाली होती. काचबिंदूने आजोबांची नजर जवळजवळ गेली आहे. “मी आहे तोवर ती चालू कर,” एवढंच ते मला म्हणाले.

भोकांभोवती गंज होता, म्हणून डेंटरने डिकीचं झाकण खरवडून भोकं वेल्डिंगने बुजवली. वर पुट्टी, प्रायमर, रंग. झाकण अगदी आरशासारखं! आणि ‘पद्मिनी’ची क्रोमची अक्षरं हातात घेऊन मी उभी. ती नक्की कुठे होती? आधीचा फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं. जुन्या अल्बममध्ये आजीचा गाडीजवळचा एक फोटो सापडला, पण तो बाजूने, तिरका घेतलेला. त्यावरून मापं कशी निघणार?

शेवटी ओळखीतल्या एका काकांची पद्मिनी गाठली. त्यांच्या बॅजवर कागद धरून पेन्सिलने छाप काढला, लहानपणी नाण्याचा काढायचो तसा. उंची आधी बंपरपासून मोजली. मग लक्षात आलं, आमचा बंपर आम्हीच काढून परत बसवलाय! डेटमच हलला तर मापाला काय अर्थ? फर्स्ट इयरला डेटम पाठ केला होता, कळला तो त्या दिवशी. मग सगळी मापं झाकणाच्या कडेपासून घेतली.

मास्किंग टेपवर खुणा केल्या. पण ड्रिल काही चालवेना. रंगवलेल्या पत्र्यावर चुकलेलं भोक म्हणजे पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, पुन्हा पैसे! म्हणून झाकणाच्या आत टॉर्च मारून बघितलं, तर वेल्डिंगचे जुने ठिपके तिथे तसेच होते. बाहेरून कितीही घासलं तरी आतून कोण घासतंय? पण जोड्या होत्या दोन! एक माझ्या खुणांशी बरोबर जुळणारी. दुसरी सहा मिलिमीटर खाली आणि थोडी तिरकी.

आजोबांना विचारलं तर ते हसले. “एकोणनव्वद साली एका ट्रकने मागून ठोकलं होतं. तेव्हाही भोकं बुजली. बॅज मीच लावला, अंदाजाने. तुझ्या आजीने टॉर्च धरला होता. वाकडा आहे म्हणत होती, मी ऐकलं नाही.”

आजीला जाऊन सहा वर्षं झाली. आता कंपनीची जागा बरोबर की आजोबांची? मला खरंच ठरवता येईना. म्हटलं, “आजोबा, तुम्ही लावला होता तसाच लावू?”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नको. आजीचं ऐक.”

सेंटर पंचने खूण पक्की केली, आधी बारीक बिट, मग पिनेच्या मापाचा. भोकाच्या उघड्या कडेला ब्रशने प्रायमर लावला, नाहीतर गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. पिना ओतीव धातूच्या, वाकवल्या की तुटतात, म्हणून क्लिपा अंगठ्याने हळूहळू दाबल्या.

आजोबांनी झाकणाची कड बोटांनी चाचपली. तिथून अक्षरांपर्यंत बोट नेलं, एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला.

“सरळ आहे,” म्हणाले. आणि वळता वळता, “या वेळी फोटो काढून ठेव.”