ममीच्या पेटीसमोर आम्ही

डिसेंबर २०१२ मधली गोष्ट. महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आमच्या वस्तीतली पंधरा-वीस माणसे आणखी एक दिवस मुंबईत थांबली होती. मुलांचा एकच हट्ट होता, ममी पाहायची! लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने इजिप्तमधील एका पुरोहिताची ममी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी पाठविली होती. भाकरीची गाठोडी घेऊन आम्ही दादरहून लोकलने निघालो.

पुरोहिताचे नाव नेस्पेरेन्नब. इ. स. पूर्व ८०० च्या सुमारास तो कर्नाक येथे खोन्सू या चंद्रदेवाच्या देवळात होता. त्याच्या देहावरच्या पट्ट्या न सोडताच यंत्राने आतले सारे टिपले आहे. चष्मे लावून आम्ही तो चित्रपट पाहिला. कवटीच्या मागे मातीचे भांडे चिकटलेले दिसले. ममी तयार करताना राळेमुळे ते चिकटले, निघेना, म्हणून तसेच गुंडाळून टाकले! सुमारे २,८०० वर्षांनी चूक उघडी पडली. मुले खो खो हसली.

ममी करताना मेंदू नाकावाटे काढीत, आतडी, यकृत वेगळे करीत, देह नॅट्रॉन नावाच्या खारात सुकवीत. सारा विधी ७० दिवसांचा. हृदय मात्र जागेवरच ठेवीत. कारण परलोकात ते तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलले जाते, अशी समजूत होती. तिथे मृताने सांगायचे, मी चोरी केली नाही, हत्या केली नाही, खोटे बोललो नाही.

हे ऐकून आमच्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपल्या पंचशीलासारखंच की!"

पण पुढची गोष्ट वेगळी आहे. हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून मंत्र कोरलेला दगडी भुंगा छातीवर ठेवीत. मंत्रांच्या गुंडाळ्या ऐपतदारांना विकत मिळत. तथागतांच्या धम्मात अशी पळवाट नाही. शील जगतानाच पाळायचे असते.

श्रीमंतांच्या कबरीत 'शब्ती' नावाच्या बाहुल्या ठेवीत. परलोकात शेतीचे काम निघाले, तर धन्याऐवजी त्यांनी राबायचे! आमच्यातले एक निवृत्त गिरणी कामगार म्हणाले, "म्हणजे मेल्यावरही गड्यानंच राबायचं?" १९८२ चा संप त्यांनी सोसला होता. पुढे आमच्या वाचनात आले की, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांनीही सुमारे ३,१५० वर्षांपूर्वी, तिसऱ्या रामसेसच्या काळात, धान्याची मजुरी थकली म्हणून काम बंद केले होते. इतिहासाला ठाऊक असलेला हा सर्वांत जुना संप. त्याची नोंद असलेला पपायरस इटलीतील तुरिन शहरात आहे. आम्ही ते त्यांना सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

आजी मात्र पेटीसमोरून हलेनात. त्यांचे पती त्याच वर्षी गेले होते. भावकीतल्या काहींनी कावळ्याला घास ठेवण्याचा आग्रह धरला होता. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतील प्रतिज्ञा आठवून आजींनी नकार दिला; पण मनाला रुखरुख लागली होती. इजिप्तमध्येही मृतासाठी अन्नपाणी ठेवीत, हे त्यांनी नीट ऐकून घेतले.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बाळांनो, याच्यापुढं एवढं वाढलं, यानं एक घास तरी खाल्ला का? त्यापेक्षा आमच्या मालकांच्या नावानं मी वस्तीतल्या पोरांना वह्या वाटीन."

त्या मृत माणसापुढे आम्ही क्षणभर स्तब्ध उभे राहिलो. तोही कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा. देह राखूनही अनित्यता चुकली नाही. निघताना त्याच संग्रहालयात सिंधमधील मीरपूरखास स्तूपाच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तींना वंदन केले.

जूनमध्ये शाळा उघडल्या, तेव्हा आजींनी वह्या वाटल्या. बंधू-भगिनींनो, चैत्यभूमीला याल तेव्हा मुलांना हे संग्रहालयही जरूर दाखवा.