दोन चाके पुण्याची

डोंबिवलीकराला अंतर विचारू नये. तो मैल सांगत नाही, किलोमीटरही सांगत नाही. तो स्टेशने मोजतो. कल्याण म्हणजे मध्ये फक्त ठाकुर्ली. ठाणे म्हणजे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा सोडून पाचवे. जगातली बहुतेक कामे या हिशेबात बसतात असे मी साठ वर्षे मानत आलो. पुणे त्यात बसत नाही, हे मला २०२४ साली एका स्कूटरने शिकवले.

आमच्या सौ.चा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. ती हार्मोनियम शिकवते. मानपाडा रस्त्याच्या बाजूला दोन शिकवण्या, एक घरडा सर्कलजवळ. शेअर रिक्षात चढता-उतरताना मागचा माणूस "काकू, लवकर" म्हणायचा, त्याचा तिला भारी राग. तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिने जाहीर केले, "अहो, मी गाडी शिकणार." मी हसलो. पुढे पंधरा दिवस रोज सकाळी मैदानावर तिच्यामागे धावत होतो, तेव्हा कोण हसत होते ते सांगायला नको.

अशी गाडी म्हणजे नेहमीचीच स्कूटर, फक्त मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक. ही चाके गाडी ओढत नाहीत, नुसती तोल सांभाळतात; ओढण्याचे काम मधल्या चाकाचेच. तिच्या मावसबहिणीच्या ओळखीचे एक दुकान पुण्यात होते. स्कूटर तिथल्याच विक्रेत्याकडे घेतली, चाके त्या दुकानाने बसवली, आणि जानेवारीत गाडी टेम्पोतून घाट उतरून आमच्या दारी आली. क्रमांक एमएच १२. आमच्या इमारतीत सगळ्या एमएच ०५, त्यामुळे ही बाई पाहुणी आल्यासारखी दिसे. बरोबर दोन कागद होते : इंजिनाची हमी कंपनीची, बाजूच्या चाकांची एक वर्षाची हमी दुकानाची. मी दोन्ही कागद जपून कपाटात ठेवले. मराठी माणूस हमीपत्र जितके जपून ठेवतो तितके ते क्वचितच वाचतो.

श्रावणात, घरडा सर्कलजवळच्या एका खड्ड्यात, 'कट्' असा आवाज झाला आणि गाडी डावीकडे कलली. सौ. पडली नाही. पण घरी आल्यावर म्हणाली, "माझ्या पायाला शोभेल अशीच निघाली की हो!" ती हसत म्हणाली, आणि मला ते हसणे अजिबात आवडले नाही. हेल्मेट तिने दिवाणखान्यातल्या खिळ्याला अडकवले. शिकवण्यांना पुन्हा रिक्षा सुरू झाली; घरडा सर्कलची शिकवणी तर तिने 'तूर्त' बंद केली.

मी आधी कल्याण गाठले. टेम्पो पत्रीपुलावरून गेला. जुना पत्रीपूल १९१४ चा. तो २०१८ मध्ये उतरवला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात कल्याणकरांनी जे सोसले ते तेच जाणोत. सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थाने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "गाडी आमची आहे, पण चाकं आमची नाहीत."

"चार चाकं आहेत. त्यातली दोन तरी तुमची ना?"

"ती दोन बरी आहेत, काका."

पुण्याला फोन लावला. पुणे म्हणाले, ब्रॅकेट मजबूत आहे, स्कूटरची फ्रेमच वाकली असेल, कंपनीला विचारा. कंपनीचे मोठे केंद्र ठाण्यात. तिथे मोठागाव-माणकोलीच्या नव्या पुलावरून गेलो. हा पूल २०२४ सालीच वाहनांना खुला झाला. पुलावर टेम्पोवाल्याने वेग कमी केला. खाली उल्हासची खाडी भरतीने फुगलेली, पलीकडे पारसिकच्या डोंगरावर ढग बसलेले. याच पाण्याकाठी कल्याणला, दुर्गाडीपाशी, शिवाजी महाराजांनी आरमाराची गलबते बांधायला घेतली असे आपण शाळेत शिकलो. त्या गलबतांची डागडुजी कुणी कुणाला 'तिकडे न्या' म्हणून टाळली असेल का, असा एक वेडा विचार मनात आला.

ठाण्याने मात्र एक चांगले काम केले. तिथल्या तरुण मेकॅनिकने गाडी उचलून घेऊन खालून पाहिली आणि जॉब कार्डावर स्वच्छ लिहून दिले : फ्रेम सरळ आहे, डाव्या ब्रॅकेटचा वेल्डिंगचा जोड तुटला आहे. खाली सही, शिक्का. येताना टेम्पो परत पाठवून मी एकटाच धिम्या गाडीने आलो. खिडकी मिळाली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच आली. पुढे खाडी ओलांडून कल्याण गाठायला १८५४ साल उजाडले. मग मी तरी चार आठवड्यांत काय म्हणून थकावे?

कागद पुण्याला पाठवला. उत्तर आले : "गाडी दुकानात घेऊन या." म्हणजे ब्रॅकेटच्या दुप्पट किमतीचा टेम्पो. रेल्वेने पार्सल करावी, तर पेट्रोल काढून, पोत्यात बांधून, कल्याणला चढवा आणि पुण्याला उतरवून घ्या. मी जवळजवळ खिशातले पैसे घालून इथेच वेल्डिंग करून घेणार होतो. सौ. म्हणाली, "करा. पण मग तो पुढच्या बाईलाही असंच म्हणेल."

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. त्यांनी चहा घेता घेता सांगितले की १९८६ च्या ग्राहक कायद्याखाली आम्हांला बहुधा पुण्यालाच खेटे घालावे लागले असते, कारण तक्रार दुकानदाराच्या गावी किंवा जिथे व्यवहार झाला तिथे करायची. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. "पुण्याला जायचं कारण नाही," ते म्हणाले, "पुण्याला ठाण्यात यावं लागेल." हे वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावले.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. निकाल देणे हे तिचे काम नव्हे, समेट घडवणे हे तिचे काम. पण दुकानाला विचारणा गेली. शिवाय मी नोटीस धाडली, सोबत हमीपत्राची आणि जॉब कार्डाची प्रत. दहा दिवस सामसूम. अकराव्या दिवशी फोन : "आमचा माणूस रविवारी येतोय."

तो सिंहगड एक्सप्रेसने कल्याणला उतरला आणि लोकलने डोंबिवलीत आला. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन नवे ब्रॅकेट. वाहनतळात आडवा पडून तीन तास खटपट केली. मग उठून हात पुसत म्हणाला, "ताई, हे मीच बसवलं होतं. जोड नीट भरला गेला नव्हता. उजवापण बदललाय." मला दुकानाशी मनात घातलेली सगळी भांडणे आठवली आणि एकही तोंडात येईना. सौ.ने त्याला वरण-भात, अळूची भाजी वाढली. पैसे त्याने घेतले नाहीत, जाताना दुकानाचे नाव न घेता एवढेच म्हणाला, "साहेब, आमच्याकडे काम फार घाईत करतात." परतीची गाडी गाठायची होती म्हणून मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला निघालो, तर सौ. म्हणाली, "थांबा, मी सोडते." आणि त्यानेच बसवलेल्या चाकांवर, मागे त्याला बसवून, ती गेली. तो दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसला होता.

नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्ही फडके रोडला निघालो. त्या दिवशी तिथे अख्खी डोंबिवली नटूनथटून लोटते. रस्त्यात शिरायला गाडीलाच काय, मुंगीलाही वाट नसते. तिने अलीकडच्या एका गल्लीत गाडी लावली, पैठणी सावरली, काठी घेतली. घरडा सर्कलची विद्यार्थिनी आपल्या आईबरोबर समोरून आली आणि विचारू लागली, "बाई, क्लास कधीपासून?"

"सोमवारी," सौ. म्हणाली. "साडेपाचला. पेटी उघडून ठेव, मी वेळेवर येते."