शेऱ्याचा रकाना

सिंगापूरच्या पश्चिम भागात एका उद्यानाच्या कडेला एक पोलादी पेटी उभी आहे. तिच्यात एक नेटवर्क स्विच, वीजपुरवठ्याचे यंत्र, फायबरची जोडणी आणि विजेच्या लोळापासून बचाव करणारी साधने असतात. पेटीतून निघालेल्या केबली खांबांवरील वायरलेस उपकरणांपर्यंत जातात. माहिती आणि वीज या दोन्ही गोष्टी एकाच केबलीतून वाहतात, म्हणून स्विच आजारी पडला की खांबावरचे उपकरणही उपाशी राहते.

गेल्या वर्षी या पेटीवरील चारपैकी दोन उपकरणे रोज दुपारी बंद पडू लागली आणि रात्री आपोआप सुरू होऊ लागली. आम्ही वातानुकूलित कार्यालयात बसून नोंदी तपासल्या, सॉफ्टवेअर बदलले, दुरूनच स्विच पुन्हा सुरू करून पाहिला. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुरुस्तीसाठी जाणाऱ्या तंत्रज्ञासोबत आम्हीही निघालो.

ते तामिळनाडूचे, पन्नाशीकडे झुकलेले. इथे सारे त्यांना 'अण्णा' म्हणतात. आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्ही मेट्रोने पोहोचलो. अण्णा लॉरीच्या मागच्या उघड्या भागात, सामानासोबत बसून आले.

पेटी उघडताच गरम वाफ अंगावर आली. आतला पंखा थांबलेला होता आणि स्विच कार्यालयात वापरायच्या प्रकारचा, ४५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला. दुपारी तापल्यावर त्याचे वीज देण्याचे सामर्थ्य घटे, आणि ज्या जोडण्यांना कमी प्राधान्य दिले होते त्या तो आधी तोडून टाकी. रात्री थंड झाला की पुन्हा जोडी. दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच.

"सर, मी दोन आठवड्यांपूर्वीच लिहिलं होतं," अण्णा शांतपणे म्हणाले, "पंखा बंद, स्विच हाताला चटका देतो, बदला."

आम्ही फोनवर नोंद उघडली. ते वाक्य शेऱ्याच्या रकान्यात होते. आमच्या पडद्यावर मात्र तो रकाना दिसत नव्हता, कारण ती प्रणाली आम्हीच लिहिली होती आणि 'तिथे कामाचे काही नसते' असे म्हणून तो आम्हीच काढून टाकला होता.

अण्णांनी प्रथम पेटीचे छायाचित्र घेतले, प्रत्येक केबलीला क्रमांकाची पट्टी लावली, मग वीज तोडली. नवा स्विच उष्णता सोसणारा, औद्योगिक प्रकारचा होता. आधी अर्थिंगची तार, मग वीज, मग फायबर, आणि शेवटी एकेक उपकरण. जुन्या स्विचची मांडणी नव्यात उतरवणे एवढेच आमचे काम. तेवढ्यात ढग गडगडले. या बेटावर वर्षाला सरासरी १६८ दिवस मेघगर्जना होते. अशा वेळी खांबाजवळ थांबत नाहीत. पेटी बंद करून आम्ही दोघे जवळच्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर बसून राहिलो.

तिथे आम्हाला वडिलांची आठवण झाली. ते वायरमन होते. "साहेब खांबाखालून फॉल्ट सांगतात, वर चढतो तो मी," असे ते म्हणत. त्यांनी वहीत लिहिलेले शेरे कुणी वाचत नसे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता, हे वडील मोठ्या अभिमानाने सांगत. त्यांच्या पगारावर आम्ही पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि खांबाखालचे साहेब झालो.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत फरक केला. तो फरक आम्ही कितीदा तरी सभांत समजावून सांगितला आहे. पण हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान ज्ञानात न धरण्याची सवय आमच्याच प्रणालीत एका लपवलेल्या रकान्याच्या रूपाने शिल्लक होती. तिला जातीचे नाव नव्हते, म्हणून ती आम्हाला ओळखू आली नाही. दर रविवारी धम्मवंदनेत आम्ही 'एहिपस्सिको' म्हणतो: या आणि पाहा. आम्ही मात्र आठ दिवस न जाता, न पाहता कारण शोधत बसलो होतो.

पाऊस थांबल्यावर काम पुरे झाले. चारही उपकरणे सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारीही ती सुरू राहिली.

त्याच आठवड्यात आम्ही शेऱ्याचा रकाना पडद्यावर सर्वांत वर आणला आणि शेरा लिहिणाऱ्याचे नाव त्याशेजारी दिसेल अशी सोय केली. एवढ्याने लॉरीतला प्रवास बदलत नाही, हे आम्ही जाणतो. पण आपल्यापैकी जे अशा प्रणाली लिहितात, त्यांनी आपापल्या पडद्यावरून कोणता रकाना पुसला आहे, हे एकदा तपासून पाहावे.

जय भीम. नमो बुद्धाय.