चिकपेट ते मल्लेश्वरम: दोन स्थानकांचा प्रवास

बंगळुरूला गेलात की सगळे लालबाग आणि विधान सौध दाखवतात. ते बघाच. पण एक सकाळ मोकळी असेल तर मेट्रोच्या हिरव्या मार्गावर चिकपेटला जा, तासभर भटका, मग पुन्हा गाडीत बसून दुसऱ्याच स्थानकावर, संपिगे रोडला उतरा. मध्ये फक्त मॅजेस्टिक. एवढ्याशा अंतरात तुम्ही एका शहरातून दुसऱ्या शहरात जाता.

चिकपेट म्हणजे लहान पेठ. केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेल्या बंगळुरूचा हा गाभा. आपल्या पुण्यातल्यासारख्याच पेठा: अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची. ज्याचा जो धंदा, तिथेच त्याचं घर. आजही इथे रेशमी साड्यांची दुकानं इतकी खेटून आहेत की हातगाडी आली की माणसांना पायरीवर चढावं लागतं. मला अशी गर्दी आवडते. पण १८९८ च्या ऑगस्टमध्ये हीच दाटी जिवावर उठली.

मुंबईत १८९६ साली सुरू झालेला प्लेग रेल्वेच्या वाटेनं पसरत इथे पोहोचला. धान्याच्या वखारी, उंदीर, उजेड न शिरणाऱ्या खोल्या. त्याला आणखी काय हवं होतं? म्हैसूर सरकारनं प्लेग कमिशनर नेमले व्ही. पी. माधवराव. कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी घराण्यातले. पुढे ते म्हैसूरचे आणि नंतर बडोद्याचेही दिवाण झाले. या साथीच्या काळात कामाचा मेळ बसावा म्हणून बंगळुरूत टेलिफोनच्या तारा टाकल्या गेल्या, आणि पेठेबाहेर दोन नव्या वसाहतींना वेग आला: दक्षिणेला बसवनगुडी, उत्तरेला मल्लेश्वरम. त्याच १८९८ साली मुंबईतही इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. एकाच साथीनं दोन्ही शहरांना मोकळं व्हायला शिकवलं.

संपिगे रोडला उतरल्यावर फरक अंगालाच कळतो. संपिगे म्हणजे सोनचाफा. शेजारचा मार्गोसा रोड कडुनिंबाचा. सरळ मुख्य रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे ‘क्रॉस’. एकदा आकडे समजले की पत्ता विचारावा लागत नाही. घरांना पुढे अंगण, बाजूला मोकळी जागा, म्हणजे प्रत्येक खोलीला वारा. आता बरीच जुनी कौलारू घरं पडून तिथे चार-चार मजले चढलेत, तरी एखादं टिकलेलं घर दिसतंच.

पण मल्लेश्वरम समजून घ्यायचं तर घरांच्या मागे जायला हवं. दोन रांगांच्या पाठी एकमेकींना लागतात तिथे एक अरुंद गल्ली असते. तिला ‘कॉन्झर्व्हन्सी लेन’ म्हणत. मैला उचलणाऱ्या माणसानं पुढच्या रस्त्यावर दिसू नये, मागच्या मागेच यावं नि जावं, म्हणून केलेली सोय. वसाहतीचे भागही जातीजमातींनुसार वाटलेले. वारा सगळ्यांना सारखा, वाट मात्र वेगळी. या आराखड्याचं कौतुक करताना ही गल्ली वगळू नये असं मला वाटतं. आज तिथे स्कूटर लावलेल्या असतात, काही भिंतींवर छान चित्रं रंगवलीत.

आणखी पुढे, पायी अर्ध्या तासावर, काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. काडु म्हणजे रान. मल्लेश्वरमला नाव मिळालं ते या रानातल्या महादेवावरून. इथे मराठी माणूस जरा थबकतो. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि १६६९ सालच्या शिलालेखात त्यांचे पुत्र एकोजी यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे नव्या वसाहतीच्या आधी इथे देव होता, गाव होतं, शेतं होती. मला ते नाव फिरताना एकाही पाटीवर दिसलं नाही.

कोऱ्या जमिनीवर नवं शहर वसवतो, असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच. मुंबईचा भार हलका करायला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको आली. त्या नव्या मुंबईखाली ९५ गावांची जमीन होती. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्यानंतरच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. मंत्रालय तिकडे न्यायचं होतं, ते हललंच नाही. खाडीवरचा पूल १९७३ ला झाला, पण वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये.

बंगळुरूचंही पुढे तेच झालं. १९७८ मध्ये आर. के. बाळिगा यांच्या पुढाकारानं शहराच्या दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक्स सिटी सुरू झाली. कामं तिकडे गेली, माणसं मात्र रोज बसमध्ये, मोटारीत, सिग्नलला अडकली. मेट्रोचा पिवळा मार्ग तिथे पोहोचला ऑगस्ट २०२५ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं! तिथे नोकरीला लागलेला माणूस तोवर निवृत्तही झाला असेल. मल्लेश्वरमचं नशीब असं की पेठ तीन-चार किलोमीटरवर होती. घर इकडे हललं तरी दुकान पायी गाठता येत होतं, आणि आठव्या क्रॉसचा बाजार तर दारातच होता.

तो बाजार अजून भरतो. फुलांचे हार हातानं मोजून देतात, विड्याच्या पानांच्या चळती, मोसमात हिरव्यागार अवरेकाळूच्या शेंगा. मार्गोसा रोडवर सीटीआरचा लोण्याचा मसाला दोसा खायचा तर रविवारी जाऊ नका, रांग फुटपाथवर येते. मी गेलो तेव्हा पुढे दोन आजोबा उभे होते. एक म्हणत होते, आमच्या लहानपणी इथून पुढे सगळी झाडीच. दुसरे म्हणाले, आता मुलगा शहराबाहेर राहायला गेलाय, इथे फार गर्दी झाली म्हणून.