पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्र

बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकलेल्या अर्थशास्त्राबद्दल विद्यार्थ्याचे मत एकदाच बनत नाही. अमरावती-अकोल्याकडे ते प्रवेशाच्या वेळी ऐकीव असते, पहिल्या सहामाहीत धास्तीचे होते आणि निकालानंतर गुणांप्रमाणे बदलते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी कापूस-तुरीचा पैसा स्वतःच्या हातात येऊ लागला की ते पुन्हा नव्याने तयार होते. शिकवणाऱ्या सरांबद्दलचे किंवा मॅडमबद्दलचे मतही या मताला जोडलेले असते आणि त्याच्यासोबतच पालटत जाते.

वऱ्हाडात महाविद्यालयीन शिक्षण रुजल्याला शंभर वर्षे होऊन गेली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर अशा तालुक्याच्या गावीही महाविद्यालये निघाली आणि ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते अशी मुलेमुली वर्गात येऊन बसली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी अर्थशास्त्र आवडीने निवडलेले नसते. राज्यशास्त्र, इतिहास, मराठी यांच्या जोडीला गटात ते येते म्हणून घेतले जाते. एमपीएससीला उपयोगी पडते, असे कुणीतरी सांगितलेले असते. गणित नको म्हणून कला शाखेकडे वळलेल्या मुलाला तर हा विषय सर्वांत सुरक्षित वाटतो.

त्याच मुलाची पहिली निराशा फळ्यावर होते. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, इथवर ठीक असते. तटस्थता वक्र आणि किंमतरेषा एकमेकांना स्पर्श करू लागल्या की वर्गातली मागची बाके शांत होतात. ‘सर शिकवते चांगलं, पण समजून नाही राह्यलं’ हे वाक्य या टप्प्यावर वऱ्हाडातल्या कुठल्याही कॉलेजच्या व्हरांड्यात ऐकू येते. त्यात सरांबद्दल आदर आहे आणि विषयाबद्दल हार आहे. आकृती समजून घ्यायची असते हे फार थोड्यांना कळते. बाकीचे ती पाठ करतात आणि पेपरात अक्षांना नावे द्यायची विसरले की गुण जातात.

या काळात प्राध्यापकाबद्दलचे मत नोट्सवर ठरते. जे सर सावकाश सांगून लिहून देतात ते चांगले. जे प्रश्न विचारत वर्गात फिरतात ते कडक. परीक्षा जवळ आली की आयएमपी प्रश्नांची यादी देणारे सर सर्वांत लोकप्रिय होतात आणि झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्याच वहीच्या प्रती निघतात. विद्यार्थ्याला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. खेड्यावरून एसटीच्या पासवर अपडाऊन करणाऱ्या मुलीला दुपारची गाडी चुकवून चालत नाही, ग्रंथालयात बसायला वेळ उरत नाही, आणि दिवाळीच्या आगेमागे घरचा कापूस वेचणीला आला की वर्गाला दांडी ठरलेली असते. तिच्यासाठी नीट लिहून दिलेली वही म्हणजे चुकलेले तास भरून काढण्याचा एकमेव मार्ग असतो. वर्गासमोर उभे असलेले सर अनेकदा तासिका तत्त्वावर नेमलेले असतात, त्यांना दोन-दोन कॉलेजांत पळावे लागते, आणि पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते. विद्यार्थ्यांच्या मतात या गोष्टीचा उल्लेख क्वचित येतो, तिचा परिणाम मात्र असतोच.

वऱ्हाडातल्या अर्थशास्त्राच्या वर्गाला एक संपत्ती आयती मिळालेली आहे, ती म्हणजे बाजार. इथल्या मुलाने मागणी-पुरवठा हे शब्द ऐकण्याआधी हर्रास पाहिलेला असतो. भाव पडल्याच्या दिवशी घरात जेवण कसे होते, हे त्याला माहीत असते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच दशकात या मुलखात आगगाडी पोचली. पुरवठा आटला की किंमत कशी चढते आणि तिचे धक्के किती दूर जातात, याचे याहून चांगले उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. ज्या प्राध्यापकांनी तिथून सुरुवात केली, त्यांच्याबद्दल विद्यार्थ्यांचे मत वेगळ्या जातीचे असते. त्यांच्या नोट्स कुणाकडे उरलेल्या नसतात, पण त्यांचा तास आठवतो.

घटत्या सीमान्त फलाचा नियम घ्या. पहिल्या वेचणीत बोंडे भरलेली असतात आणि हात भराभर चालतो. तिसऱ्या-चौथ्या वेचणीत तेवढ्याच वेळात किलो कमी भरतात, मजूर बाई किलोमागे वेचाई वाढवून मागते, आणि एक वेळ अशी येते की कापूस झाडावर ठेवलेला परवडतो. फरदड, म्हणजे हंगामानंतरही तीच झाडे राखून मिळणारा कापूस, घ्यावी की पऱ्हाटी उपटून हरभरा पेरावा, हा निर्णय सीमान्त खर्च आणि सीमान्त प्राप्ती यांच्या तुलनेचाच आहे. वर्गातली निम्मी मुले तो निर्णय घरी दरवर्षी ऐकत असतात. गेल्या काही वर्षांत गुलाबी बोंडअळीमुळे फरदडीचा धोका वाढला, तेव्हा या हिशेबात पुढच्या हंगामाचे नुकसानही धरावे लागू लागले.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिकलेल्यांना आणखी एक उदाहरण मिळाले होते. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून शेतकऱ्याने कापूस शासनाच्याच खरेदी यंत्रणेला द्यावा असे ठरले. पुस्तकातल्या एकाधिकाराच्या प्रकरणात विकणारा एकटा असतो आणि घेणारे अनेक. इथे घेणारा एकटा होता आणि विकणारे लाखो. पुस्तकातला एकाधिकारी किंमत वाढवण्यासाठी उत्पादन आखडतो, मग इथला काय करतो? बाहेर भाव चढला की कापूस मध्य प्रदेशाच्या सीमेकडे का जातो? बाहेर भाव पडला की शेजारच्या राज्यातला कापूस इकडे का येतो? हे प्रश्न विचारू देणाऱ्या वर्गात मक्तेदारीचे प्रकरण मुलांना आपसूक कळले.

आजच्या विद्यार्थ्यासाठी तूर आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. तो भाव पाहून २०१६ च्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही साथीला होता, आणि देशातले तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेले. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. गेल्या वर्षीच्या किमतीवर यंदाची पेरणी ठरते आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, ही गोष्ट पुस्तकात कोळ्याच्या जाळ्यासारख्या आकृतीने दाखवतात. ज्या मुलाने बापासोबत त्या रांगेत बैलगाडीजवळ किंवा ट्रॅक्टरखाली रात्र काढली, त्याला ही आकृती पाठ करावी लागत नाही. कापसाचेही तसेच. २०२२ च्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजारांपलीकडे गेला म्हणून पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव सात-आठ हजारांकडे उतरला. अपेक्षा बदलली की पुरवठा कसा बदलतो, हे त्या वर्षी खोल्याखोल्यांत रचलेल्या कापसाने शिकवले.

मात्र एकाच वर्गात कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा, अडत्याची मुलगी आणि वेचणीला जाणाऱ्या बाईची मुलगी शेजारी बसलेली असतात. भाववाढ एका घरात सण असते आणि दुसऱ्या घरात डाळ महाग होणे असते. हमीभावाच्या तासाला या तिघांची मते तीन असतात, आणि प्राध्यापकाबद्दलही. शेतकऱ्याची बाजू घेणारे सर एकाला आपले वाटतात, दुसरीला एकांगी. जो शिक्षक तिन्ही घरांचा हिशेब फळ्यावर मांडतो त्याला त्या दिवशी कुणीच पूर्ण आपला मानत नाही. असा शिक्षक वर्गाला सर्वांत अधिक देऊन जातो, आणि त्याचे श्रेय त्याला फार उशिरा मिळते.

प्राध्यापकाबद्दलचे मत तासागणिक कसे बदलू शकते याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मार्च १९२० पर्यंत तिथे होते. अस्पृश्य समाजातला माणूस काय शिकवणार, या भावनेने सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे त्यांच्या व्याख्यानांना इतर कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी काढून येऊ लागले. त्यांचा लहान शेतीधारणेवरचा निबंध १९१८ चाच. शेताचा आकार एकटा काही सांगत नाही, त्याच्याशी भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण जुळते का ते पाहावे, आणि शेतीवर अडकून पडलेल्या रिकाम्या हातांना उद्योगांत काम मिळावे, हा त्यातला विचार आजही दोन-तीन एकरांच्या वऱ्हाडी खातेदाराच्या मुलाला थेट भिडतो. पहिल्या वर्षाला तो शिकवला जावा, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

अभ्यासक्रमावरचे मत जगात इतरत्र उघडपणे मांडले गेले आहे. २००० मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी काल्पनिक जगातल्या गणिताविरुद्ध निवेदन काढले. २ नोव्हेंबर २०११ रोजी हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅनकिव यांच्या प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासातून सुमारे ७० विद्यार्थी उठून गेले. हा अभ्यासक्रम एकाच विचाराकडे झुकलेला आहे, ही त्यांची तक्रार होती. मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी आर्थिक अरिष्टानंतर अशीच तक्रार मांडणारी संघटना उभारली. वऱ्हाडातला विद्यार्थी तास सोडून जातो तेव्हा निवेदन देत नाही, पण त्याची तक्रार त्याच कुळातली असते. चहा-कॉफीची, सफरचंदांची उदाहरणे त्याच्या घराशी बोलत नाहीत. पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात विक्रेत्याला बाजाराची सगळी माहिती असते असे तो वाचतो, आणि अकोल्याच्या यार्डात उभ्या असलेल्या आपल्या बापाला आंतरराष्ट्रीय भाव कोण सांगतो, हा प्रश्न त्याच्या मनात येतो. तो विचारला जात नाही, कारण पेपरात तो येत नाही.

आता मत अधिकृतपणेही विचारले जाते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात का, उदाहरणे देऊन समजावतात का, अंतर्गत गुण न्यायाने दिले जातात का, अशा प्रश्नांना विद्यार्थी चार ते शून्य असे गुण देतात आणि शेवटी सूचना लिहितात. विद्यार्थ्याला विचारले जाते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण त्या वेळचे मत किती पुरते? अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शिक्षकांमुळे चालू विषयात गुण चांगले मिळाले त्यांना विद्यार्थ्यांनी पसंती दिली. मात्र त्यांचे विद्यार्थी पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयांत मागे पडताना दिसले. मिलानच्या बोक्कोनी विद्यापीठातल्या अभ्यासातही पुढच्या विषयांची पक्की तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना कमी गुण मिळाल्याचे आढळले. व्हरांड्यात जे कडक सर म्हणून ओळखले जातात, त्यांच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे.

पंचविशीत हा विषय स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून पुन्हा भेटतो. महागाई मोजणारे निर्देशांक, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, राजकोषीय तूट ही प्रकरणे पहिल्या वर्षाला घाईने उरकलेली असतात. आता अमरावतीच्या अभ्यासिकेत रात्री बसून ती मुळापासून वाचावी लागतात आणि तेव्हा घाई केल्याचा राग येतो. त्याच वयात कुणी बँकेत पीक कर्जाचे अर्ज हाताळते, कुणी बाजार समितीत मापाच्या नोंदी करते, कुणी घरच्या शेतीवर परतते. बचत गटाचे हिशेब सांभाळणारी बाई महिन्याला शेकडा दोन रुपये म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे गटातल्या इतरांना समजावून सांगते. हे तिला कुणी शिकवले, ते तिला नाव घेऊन सांगता येते.

चाळिशीतल्या मताला गुणांची आठवण नसते. पहिल्या वर्षाला किती मिळाले हे बहुतेकांना सांगता येत नाही. सांगता येते ते एखादे उदाहरण, हर्रासाला सोबत नेलेली दुपार, किंवा ‘भाव कोण ठरवते?’ हा तासाच्या सुरुवातीला टाकलेला आणि वर्षभर न सोडलेला प्रश्न. ज्यांना हे मिळाले नाही त्यांचे मत ‘नुसत्या नोट्स घेतल्या’ एवढ्यावर थांबते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा हुकल्याची खंत अधिक असते, आणि ती खरी आहे. कर्जाच्या व्याजाची, विम्याच्या हप्त्याची आणि माल कधी विकायचा याची गणिते त्यांना पुढे पदरचा पैसा घालवून शिकावी लागली.

हे मत शेवटी पुढच्या प्रवेशाच्या वेळी कामी येते. जून-जुलैत बारावीचा निकाल हातात घेऊन धाकटी बहीण किंवा शेजारचा पोरगा विषय कोणते घ्यावेत हे विचारायला येतो. विषय सोपा आहे की जड, हे तो आधी विचारतो. सांगणारा आधी, तिथे आता कोण शिकवते, हे विचारतो.