नमस्कार करा, मग फुंका

मधुमेहाचा जुना पेशंट समोर बसला की मी त्याला आधी नमस्कार करायला सांगतो. साधासुधा नाही, दोन्ही तळवे आणि दहाही बोटं एकमेकांना घट्ट चिकटवून. कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भाग घासण्याच्या कामावर, हयात घालवलेल्या एका मामांनी असे हात जोडले, तेव्हा तळवे टेकले, पण करंगळ्यांच्या सांध्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. वय बावन्न, साखर चौदा वर्षांची, बिडीला कधी हात लावलेला नाही.

“दुखत न्हाई, पर सरळ बी हुईत न्हाई,” ते बोटांकडे बघत म्हणाले. तक्रार बोटांची नव्हतीच. पहिला मजला चढला की धाप लागत होती.

बोटांचा आणि धापेचा संबंध काय? कोलॅजन नावाचं प्रथिन आपल्या कातडीला, सांध्यांना आणि फुफ्फुसालाही आकार देतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजनला चिकटते, त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि ऊती ताठर होते. गुळाचा पाक कढईला धरून बसावा, तसं. बोटांत हा ताठरपणा डोळ्यांना दिसतो, बरगड्यांच्या आत दिसत नाही.

दुसरी गोष्ट बारीक रक्तवाहिन्यांची. मधुमेह डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा बिघडवतो, हे आता कुपवाडच्या चहाच्या गाड्यावरही माहीत असतं. पण शरीरातलं केशवाहिन्यांचं एक फार मोठं जाळं फुफ्फुसात आहे. तिथे तीस ते पन्नास कोटी वायुकोश, आणि प्रत्येकाभोवती या वाहिन्यांचं विणकाम. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. मूत्रपिंडात वाहिन्यांचं अस्तर जाड होतं तसं ते मधुमेह्यांच्या फुफ्फुसातही जाड झालेलं आढळलं आहे. अस्तर जाड झालं की प्राणवायूला पलीकडे जायला वेळ लागतो.

मामांना स्पायरोमीटरसमोर बसवलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी. “पूर्ण भरा छाती... आता एकदम सोडा! सोडा, सोडा, अजून सोडा...” सहा सेकंद म्हणजे किती असतात, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळतं. तीन वेळा फुंकून घामाघूम झाले. एकूण बाहेर पडलेली हवा अपेक्षेच्या ७२ टक्के. पण त्यातली पहिल्या सेकंदात आलेली हवा प्रमाणात होती. म्हणजे दम्याचं चित्र नाही. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, “मामा, नळी चोंदलेली नाही, भाता आखडलाय.”

याचा सगळा दोष साखरेवर टाकायला मी तयार नाही. सुटलेलं पोट भाता वर रेटतं. फाउंड्रीतली वाळूची, म्हणजे सिलिकाची, धूळ फुफ्फुसात कायमचं घर करते. धाप लागलेल्या मधुमेह्याचं हृदय आणि हिमोग्लोबिन तर सगळ्यात आधी बघायला हवं. मामांचा एको ठीक होता, एक्स-रेत सिलिकाच्या खुणा नव्हत्या. लघवीत मात्र प्रथिन जात होतं आणि डोळ्याच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव होते. त्यांच्या धापेत पोटाचा वाटा किती आणि साखरेचा किती, हे सुरीने कापून सांगता येत नाही. २०१० साली चाळीस अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, त्यात तीन हजारांहून जास्त मधुमेही होते. निष्कर्ष असा, की मधुमेहात भाता आखडतो, पण थोडासाच.

मग ‘थोडासाच’ची काळजी कशाला? निरोगी फुफ्फुसात भरपूर शिल्लक असते, म्हणून रोजच्या चालण्यात तूट जाणवत नाही. न्यूमोनिया होतो त्या आठवड्यात ती शिल्लक मोडावी लागते, आणि खातं आधीच थोडं रिकामं झालेलं असतं. क्षयाचंही तसंच. आपल्या शेजारच्या वानलेसवाडीला नाव मिळालं ते मिरजेच्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यामुळे, आणि तिथे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. तो आजार गेलेला नाही, आणि मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. २०२३च्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

प्रत्येक मधुमेह्याने स्पायरोमेट्री करावी असं मी म्हणत नाही. तसा नियमही नाही. पण धाप लागली की ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, आणि डोळ्याच्या पडद्यावर किंवा मूत्रपिंडात बिघाड सापडला असेल तर डॉक्टरांना छातीबद्दलही विचारा. साखर नीट आवरली तर बारीक वाहिन्यांची दुखणी सुमारे पाव हिश्श्याने कमी होतात, हे ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवून दिलं आहे.

पाडव्याला घरातले मधुमेही देवासमोर हात जोडतील, तेव्हा त्यांच्या करंगळ्यांकडे एकदा बघा. फट दिसली तर दोनच प्रश्न विचारा: लघवीची आणि डोळ्यांची तपासणी या वर्षी झाली का? आणि जिन्यात मध्येच थांबावं लागतं का?