एका डोळ्याची गोष्ट

माझ्या नातवाने काचेची एक लहानशी पेटी आणली आणि तिच्यात झेब्रा मासे सोडले. हा मासा फार तर चार-पाच सेंटिमीटर लांबीचा. अंगावर निळे, आडवे पट्टे. बाजारात तो शोभेचा मासा म्हणून मिळतो. परंतु मूळचा तो आपल्याच देशाकडचा, गंगेच्या खोऱ्यातील ओढ्यांत व भातखाचरांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश वैद्याने गंगेतील माशांविषयी १८२२ साली एक ग्रंथ लिहिला, त्यात त्याचे वर्णन आहे.

त्या पेटीसमोर मी घटका घटका का बसतो, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. ते आज तुम्हांला सांगतो.

मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत देवळामागच्या पटांगणावर आम्ही विटीदांडू खेळत होतो. मी जोराने टोला हाणला. विटी सणाणत गेली आणि झेल घेण्यासाठी पुढे सरसावलेल्या माझ्या मित्राच्या डाव्या डोळ्यावर बसली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "बाहेरची जखम भरेल, पण आतल्या पडद्याच्या ज्या पेशी गेल्या, त्या पुन्हा येणार नाहीत." मित्राची आई मला एक शब्दही बोलली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीतरी वर्षे वाटत राहिले.

डॉक्टरांचे म्हणणे खरेच होते. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यातील पेशी प्रकाश टिपतात आणि त्याची वार्ता मेंदूकडे धाडतात. आपले खरचटलेले कातडे भरून येते, मोडलेले हाड सांधते. परंतु या पेशी एकदा मेल्या की मेल्या.

झेब्रा माशाचे मात्र तसे नाही. त्याच्या दृष्टिपटलाला इजा झाली, तर काही आठवड्यांत तेथे नव्या पेशी उभ्या राहतात आणि त्याला पुन्हा दिसू लागते! हे ओळखायचे कसे? शास्त्रज्ञ माशाभोवती काळे-पांढरे पट्टे फिरवतात. पट्ट्यांच्या मागोमाग माशाचे डोळे फिरू लागले, म्हणजे दृष्टी आली असे समजावे.

ही किमया म्यूलर पेशींची. हाइनरिश म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्यांना मिळाले आहे. माजघरातला खांब जसा जमिनीपासून आढ्यापर्यंत जातो, तशी ही पेशी पडद्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत उभी असते व इतर पेशींना आधार देते. शेजारच्या पेशी मेल्या, की माशाच्या डोळ्यातील हा खांब जणू पुन्हा बालपणात शिरतो. तो दुभंगतो, त्यातून एक नवी पेशी जन्मते, तिच्या अनेक होतात आणि रिकाम्या जागी जाऊन त्या हवे ते काम अंगावर घेतात. मूळचा खांब आपल्या जागी उभाच!

मला खरा विस्मय वाटला तो पुढेच. असेच खांब आपल्याही डोळ्यांत आहेत. पण इजा झाली की आपल्याकडे ते नव्या पेशी घडवीत नाहीत. तेथे व्रण तेवढा राहतो. २०१७ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या डोळ्यांतील या पेशींना जागे करून काही नव्या चेतापेशी घडवून दाखविल्या. माणसासाठी असा उपचार अद्याप झालेला नाही. माझ्या मित्राला तर साठी उलटून गेली.

तो दर रविवारी येतो. रस्त्याने जाताना मी अजूनही त्याच्या डाव्या बाजूनेच चालतो. का, ते त्याने कधी विचारले नाही. परवा मी त्याला या माशांची सारी हकिगत सांगितली. तो पेटीजवळ गेला, सवयीप्रमाणे मान थोडी डावीकडे वळवून पाहू लागला.

"किती आहेत रे?" त्याने विचारले.

"सात," मी म्हणालो.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग हसून म्हणाला, "अरे, आठ आहेत. एक त्या पानामागे दडलाय."